साखरेचं माप

ठोक्यानं माप उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटून आत पाहिलं, आणि त्याला एकदम खोकल्याची उबळ आली. मांडीवरची हातोडी घसरून खाली पडली. खोकता खोकता त्यानं तोंड फिरवलं आणि खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसले.

"पाणी देऊ का रे?" काकूंनी विचारलं.

"नको वहिनी. पत्र्याचा कीस जातो घशात कधीकधी." त्यानं पुन्हा आत पाहिलं, आणि माप पटकन बाजूला ठेवलं. "तर मग तिसरी का?"

"तिसरी. आणि हळू बोल."

"बसेल. जागा आहे अजून."

"तुला शपथ घातलीय, लक्षात आहे ना?"

"वहिनी, शपथा पाळून पाळून माझं पोट फुगलंय. बायको विचारते, हल्ली जेवण का जात नाही? काय सांगू तिला?"

दिवसभर पत्रा ठोकत बसायचा म्हणून सगळी गल्ली त्याला ठोक्या म्हणायची. साठी उलटली तरी नाव तेच राहिलं. पोटात बातमी राहणं हा त्याच्या दृष्टीनं आजारच होता, हे काकूंना ठाऊक होतं. पण त्याचं दुकान काकूंच्या बेकरीपासून चारच दुकानं पलीकडे होतं, जवळपास दुसरा पत्रेवाला नव्हता, आणि हे काम परक्याला सांगण्यासारखं नव्हतं.

काम तसं छोटंसं. मापाच्या तोंडाएवढी गोल चकती कापायची, तिची कड खाली दुमडायची, की झालं उपडं झाकण. जाडी अर्धं बोट. ते झाकण मापात ढकललं की बुडाशी घट्ट बसतं आणि मापाचं बूड अर्धं बोट वर येतं. वरून पाहणाऱ्याला आत पत्राच दिसतो. मापाचं पोट मात्र तेवढं कमी झालेलं असतं.

माप साखरेचं होतं. दहा बोटं उंच, काळवंडलेलं, काकूंच्या सासूबाईंच्या हातचं. सासूबाईंनी ही बेकरी सुरू केली तेव्हा घरात तराजू नव्हता, हे माप होतं. एका घाण्याला पाच मापं साखर. पुढे तराजू आला, काटा आला, आकडे दाखवणारा वजनकाटासुद्धा आला, पण लिंबाच्या केकची साखर मापानंच पडत राहिली. मापाला पाणी लावायचं नाही, कोरड्या फडक्यानं पुसायचं, हाही सासूबाईंचाच नियम. त्यांचा आणखी एक नियम होता, आणि सगळा घोळ त्या दुसऱ्या नियमानं केला होता.

ज्या ट्रेतला तुकडा आपण खाल्ला नाही, तो ट्रे गिऱ्हाइकापुढे ठेवायचा नाही.

काकांनी हा नियम चाळीस वर्षं पाळला. दिवसाला सात ट्रे निघायचे. प्रत्येक ट्रेचा डावा कोपरा सुरीनं कापायचा, उभ्या उभ्या खायचा, डोळे मिटायचे, मान हलवायची आणि मग ट्रे पुढे सरकवायचा. कोपऱ्याचा तुकडा म्हणजे दोन्हीकडून खरपूस, सगळ्यात चांगला. मुलगी लहान असताना त्या कोपऱ्यासाठी रुसायची, तेव्हा काका तिला समजावायचे, "हे खाणं नाही बाळा, ही नोकरी आहे." मुलगी मोठी झाली, दूर संसाराला लागली. काकांची नोकरी चालूच होती.

मग गेल्या वर्षभरात काकांना तहान लागायला लागली. शेजारी पाण्याचा जग असायचा, तो दुपारपर्यंत दोनदा रिकामा व्हायचा. ते म्हणायचे, भट्टीची धग आहे. रात्री तीनतीनदा उठायचे, म्हणायचे, एवढं पाणी प्यायल्यावर दुसरं काय होणार? दुपारी मैद्याच्या पोत्यांना टेकून झोप लागायची. पेपर हात लांब करून वाचायला लागले, आणि हात पुरेना तेव्हा म्हणाले, हल्ली छपाई वाईट झालीय. काकांकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. फक्त डाव्या टाचेवर एक फोड आला होता, तो दोन महिने झाले तरी भरेना, त्याला उत्तर नव्हतं.

काकूंनी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण गल्लीतलीच. फ्रॉकच्या खिशात केक कोंबून शाळेत जाणारी पोरगी आता पांढरा कोट घालून समोर बसली होती. रिपोर्ट वाचताना तिच्या कपाळावर आठी आली.

"काका, रोज केक किती खाता?"

"खातो कुठे? चाखतो."

"बरं, किती चाखता?"

काकांनी मनात मोजलं. "सात."

"चमचे?"

"तुकडे," काकू म्हणाल्या. "कोपऱ्याचे. शिवाय दुपारी बिस्किटं. शिवाय चहात तीन चमचे."

"तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?" काका काकूंकडे वळून म्हणाले.

डॉक्टरीण हसली नाही. तिनं कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि काकांचा आकडा त्या रेघेच्या बराच वर लिहिला. म्हणाली, "ही तुमची तीन महिन्यांची सरासरी. साडेनऊ. रक्तात साखर उतू चाललीय काका. शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकायला बघतं, म्हणून एवढी तहान. ती बारीक रक्तवाहिन्या खराब करते, नसा खराब करते. डोळे, मूत्रपिंड, पाय, सगळीकडे. टाच त्यामुळेच भरत नाहीये. गोळ्या देते. रोज पाऊण तास चाला. मैदाही कमी करा. पण वरून तुम्ही ओतत राहिलात, तर गोळ्या बिचाऱ्या किती उपसणार?"

"चाखणं सोडता येणार नाही," काका म्हणाले.

"चाखा आणि थुंकून टाका."

"आईच्या केकवर थुंकू?"

"मग तुकडा लहान घ्या."

काका घासाघीस करून नखाएवढ्यावर आले. चहातले दोन चमचे सोडायलाही तयार झाले. मग डॉक्टरीण सहज बोलून गेली, "नाहीतर मिश्रणातच साखर कमी करा ना. तुमचंही भलं, गल्लीचंही."

काका उठून उभे राहिले. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या आजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्या हयातीत त्या मापात एक दाणा कमी पडणार नाही!"

काकूंनी मान खाली घातली. बाहेर कुणीतरी टाळी वाजवली.

त्यानंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी काका खुर्चीत बसून शीळ घालत होते आणि काकू त्यांच्या बुटांची धूळ झटकत होत्या. डाव्या बुटातून अक्रोडाचं टरफल पडलं. अर्धं, टोकदार, चांगलं टणक.

"अहो, हे कधीपासून होतं बुटात?"

"काय?"

"हे टरफल."

काकांनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "सकाळी अक्रोड फोडले होते खरे." शीळ थांबली. मग टरफल खिडकीतून बाहेर भिरकावून ते म्हणाले, "चांगले बूट आहेत, काही लागलंसुद्धा नाही."

काकूंनी मोजा काढला. तळव्यावर टरफलाचा खड्डा उमटला होता, लाल, खोल. सकाळी सहापासून त्यावर चालले होते ते. त्यांना पत्ता नव्हता. काकूंनी तो खड्डा बोटानं हळूच दाबला आणि विचारलं, "दुखतं?"

"गुदगुल्या नको करू," काका म्हणाले. पण त्यांना गुदगुल्याही झाल्या नव्हत्या, हे काकूंना त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका जरा लवंडले तशा काकू माप पिशवीत घालून ठोक्याकडे गेल्या. पहिल्या वेळी तर तो हसून हसून स्टुलावरून पडायचा राहिला होता. काकूंना ते थोडं लागलंच. नवऱ्याची फसवणूक करायला निघालेल्या बाईला कुणी इतकं हसू नये. पण झाकण त्यानं बेतशीर करून दिलं, आणि काकूंनी ते खाली बटर पेपरचा गोल तुकडा घालून आत बसवलं, म्हणजे वाजायला नको. चोरी करायची तर नीट.

त्या पहिल्या पहाटे काका भट्टीपाशी होते. पाच मापं साखर घाण्यात पडली, लोण्यात घोटली गेली. काकूंना वाटलं, आता विचारतील, आता विचारतील. काकांनी मान वळवून विचारलं ते एवढंच, "लिंबं किती घेतलीस?"

"चार. नेहमीसारखी."

"पाच घे. कालपासून बघतोय, लिंबं हल्ली कसदार नाहीत."

काकूंनी पाचवं लिंबू किसायला घेतलं आणि मनात म्हणाल्या, नशीब बलवत्तर आहे माझं. लिंबाचा आंबट वास वर येणार, त्यात साखरेची उणीव झाकली जाणार.

पहिला ट्रे निघाला. काकांनी नखाएवढा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. डोळे नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ मिटलेले राहिले असं काकूंना वाटलं. मग मान हलली. ट्रे पुढे सरकला.

महिन्यानं दुसरं झाकण गेलं. केकचा रंग किंचित फिका यायला लागला. साखर कमी पडली की पोत बदलतो, रंग चढत नाही, हे काकूंना कळत होतं. पण काकाच म्हणाले, "भट्टीचंही वय झालंय बघ. ट्रे तीन मिनिटं जास्त ठेवायला हवा." तीन मिनिटांनी रंग परत आला. भाबडा माणूस, काकूंना वाटलं. चाळीस वर्षं चाखतोय, पण गोडानं जीभ अशी बधिर झालीय की साखर गेल्याचं कळत नाही, भट्टीला दोष देतोय. त्यांना हसूही यायचं आणि भरूनही यायचं.

गिऱ्हाइकं मात्र तक्रार करेनात. उलट एक तुकडा नेणारे दोन न्यायला लागले. म्हणायचे, काय की, पण हल्ली घशाशी येत नाही. एकदा सकाळी चहाचा घोट घेऊन काका म्हणाले, "अगं, साखर फार झालीय यात." काकूंनी एकच चमचा घातला होता. तीनवरून उतरलेली जीभ महिन्याभरात एकाला जास्त म्हणत होती. काका रोज पहाटेचा घाणा झाला की चालायला जायचे, गोळ्या घ्यायचे, आणि टाचेचा फोड कडेनं गुलाबी व्हायला लागला होता.

अशा रीतीनं ठोक्याकडून तिसरं झाकण आलं.

त्यानंतर आठवड्यानं दोघं पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरिणीनं रिपोर्ट वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"सव्वासात. काका, केलंत काय?"

"चालतो," काका म्हणाले.

"चालतात," काकू म्हणाल्या.

"आणि चाखणं?"

"चालूच आहे. माप तेच, साखर तीच," काकांनी छाती पुढे काढून सांगितलं.

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. डॉक्टरिणीनं टाच तपासली, पावलाला बारीक तारेसारखं काहीतरी टोचून पाहिलं. काका म्हणाले, "अगं ए, गुदगुल्या होतात!" काकूंनी तोंड फिरवून भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता वाचायला सुरुवात केली. सगळ्यात खालची ओळ त्यांना एरवीही दिसत नसे. आज वरचीही दिसेना.

निघताना डॉक्टरिणीनं खणातून एक चिठ्ठी काढली. "विसरलेच होते. गणिताच्या बाईंनी दिलीय. काल त्यांना बघायला गेले होते."

गणिताच्या बाईंनी अर्ध्या गावाला शिकवलं होतं. डॉक्टरिणीला शिकवलं होतं, ठोक्याला, आणि खुद्द काकांनाही. काका अपूर्णांकात दोनदा नापास झाले होते आणि हे बाई दर शनिवारी त्यांना न चुकता ऐकवायच्या. कारण दर शनिवारी चार वाजता बाई बेकरीत यायच्या, एक तुकडा घ्यायच्या, बाकावर बसून अर्धा खायच्या आणि अर्धा रुमालात बांधून घेऊन जायच्या. "उरलेला घरी खाईन." कित्येक वर्षं हे असंच. चार महिन्यांपूर्वी पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून शनिवारचा बाक रिकामा होता.

चिठ्ठीत वळणदार अक्षर होतं.

"१. येत्या रविवारी मला पंच्याऐंशी पूर्ण होतात. २. लिंबाचा केक, तीन ट्रे. ३. तुझ्या आईच्या हातचा असायचा, अगदी तसा. ४. चार वाजता म्हणजे चारला."

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. "आईच्या हातचा," ते म्हणाले.

काकूंना मात्र शनिवारी रात्री झोप आली नाही. इतर कुणालाही फसवावं, पण बाईंची गोष्ट वेगळी. सासूबाईंच्या हातच्या केकची चव अजून नेमकी आठवणारी गावात आता ती एकच जीभ उरली होती. ती जीभ एका घासात उणीव पकडेल. सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांपुढे म्हणेल, हा तो नव्हे. आणि काका, ज्यांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं माप तेच, साखर तीच, ते सगळ्यांपुढे उभे राहतील, कशासाठी ऐकून घेतोय हेही न कळता. काकूंनी ठरवून टाकलं. एक दिवस. एका दिवसापुरती झाकणं काढायची. पूर्ण मापानं साखर घालायची. काकांच्या पोटात तीन नखांएवढाच केक जाणार, तेवढ्यानं काही होत नाही.

रविवारी पहाटे काका भट्टी पेटवत होते. पाठ इकडे होती, शीळ चालू होती. काकूंनी माप उचललं, कान धरून उलटं केलं, बुडावर थाप मारली. काही निघेना. झाकणं घट्ट बसली होती. मग त्यांनी माप पोटाशी धरलं, अंगठा आत घालून काठ पकडला आणि दुसऱ्या हातानं चमच्याच्या दांड्यानं कड उचकटली.

पहिलं झाकण आलं, खाली बटर पेपर. दुसरं आलं, बटर पेपर. तिसरं, बटर पेपर. काकूंनी तिन्ही ओळीनं मांडून ठेवली आणि माप दिव्याखाली धरलं.

बुडाला अजून एक कड दिसत होती.

त्यांनी दांडा घातला. चौथं झाकण निघालं. काळपट पडलेलं, खाली कागद नाही. त्याखाली पाचवं.

काकू पाचही झाकणांकडे पाहत उभ्या राहिल्या. दोन सगळ्यात खाली होती. म्हणजे त्यांनी पहिलं झाकण बसवलं, त्याआधीच ही दोन तिथे होती. म्हणजे दवाखान्यात उठून गर्जना करणारा माणूस त्या चार दिवसांतच ठोक्याकडे जाऊन आला होता. कालपासून बघतोय, लिंबं कसदार नाहीत. भट्टीचंही वय झालंय. आणि तो मेला ठोक्या, हसून हसून पडायला आला होता.

भट्टीपाशी शीळ चालूच होती. ताल जरासुद्धा चुकत नव्हता.

रिकामं माप अजून त्यांच्या हातात होतं, अंगठा आत. काकूंची नजर त्या अंगठ्यावर गेली आणि तिथेच राहिली. काठापासून अडीच बोटं खोल पोचला होता अंगठा. असाच अंगठा त्यांनी पाहिला होता. नवीन लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा मापाला कान नव्हता. तुटला होता केव्हाचा. सासूबाई माप असंच धरायच्या, अंगठा आत, चार बोटं बाहेर, आणि दुसऱ्या हातानं साखर ओतायच्या ती अंगठ्याला लागेपर्यंत. अंगठ्याला साखर लागली की थांबायच्या. मग तो अंगठा चाटून हसायच्या आणि म्हणायच्या, बघतेस काय, हा माझा पगार. सासूबाई गेल्या त्याच वर्षी ठोक्यानं मापाला नवा कान जोडून दिला. केवढी सोय झाली होती! अंगठा बाहेर आला आणि माप काठोकाठ भरायला लागलं. पाच मापं तीच. चाळीस वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पाच झाकणं म्हणजे अडीच बोटं. दहा बोटांच्या मापात पाव भाग.

काकूंनी आधी कागद नसलेली दोन झाकणं मापात बसवली. मग आपली तीन, बटर पेपरसकट. वर अंगठ्यानं दाबून घट्ट केली.

"काय गं, एवढा वेळ?" काका न वळता म्हणाले.

"साखरेत मुंगी होती."

"गेली?"

"गेली. किती मापं घालू?"

"विचारतेस काय? पाच."

"आणि लिंबं?"

"पाच. कसदार नाहीत ना हल्ली."

"नाहीत खरी," काकू म्हणाल्या आणि किसणी ओढली.

चार वाजता म्हणजे चारला तिन्ही ट्रे बाईंच्या घरी पोचले. वरच्या मजल्यावरची लांब खोली माणसांनी गच्च भरली होती. पांढऱ्या केसांचे, टकलाचे, चष्म्यांचे सगळे जण बाईंसमोर मुलांसारखे सरळ बसले होते. ठोक्या इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात होता. डॉक्टरीण खिडकीपाशी. बाई उंच पाठीच्या खुर्चीत, मांडीवर रुमाल, हाताशी काठी.

"आलास? दोन मिनिटं लवकर. चालेल," बाई काकांना म्हणाल्या. "काप."

काकांनी कापलं. काकूंनी पहिला तुकडा बशीत घालून बाईंच्या हाती दिला. खोलीतलं बोलणं आपोआप थांबलं. बाईंनी एक घास घेतला. चावला. दुसरा घेतला. त्यांचे डोळे कुणाकडेच पाहत नव्हते. काकूंच्या हातात सुरी तशीच राहिली होती. काकांनी हात मागे बांधले होते.

"बऱ्याच वर्षांनी लिंबू लागलं," बाई म्हणाल्या.

बाईंनी बशी खाली ठेवली नाही. त्यांनी काकांकडे रोखून पाहिलं.

"साखर किती?"

"पाच मापं, बाई."

"ते मला माहीत आहे. एका मापात किती?"

काकांनी खालचा ओठ चावला. एकदा छताकडे पाहिलं, एकदा बुटांकडे. खिडकीपाशी डॉक्टरिणीनं मान पुढे काढली. कोपऱ्यात ठोक्याला खोकल्याची उबळ आली.

"पाऊण, बाई," काका म्हणाले.

पाऊण. काकूंनी सुरी हळूच ट्रेच्या कडेला टेकवली. दोन झाकणं मोजणाऱ्याचं उत्तर पाऊण येत नाही. पाऊण यायला पाचही मोजावी लागतात.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "बस खाली."

काका खरोखरच मागच्या खुर्चीवर बसले, आणि सगळी खोली हसली. हसण्याच्या त्या गडबडीत बाईंनी बशीतला उरलेला अर्धा तुकडा उचलला आणि शांतपणे संपवला. मांडीवरचा रुमाल झटकला, घडी केली आणि कोराच बाहीत खोचला. मग बशी काकूंपुढे केली.

"मी पंच्याऐंशीची आहे. डॉक्टर, तू तिकडे बघ. अजून अर्धा दे गं."

परत निघायला सहा वाजले. रिकामे ट्रे काकांच्या काखेत होते आणि काकू रिकाम्या हातांनी चालत होत्या. काकांचं डावं पाऊल उजव्यासारखंच पडत होतं.

"भट्टी बदलावी का हो?" काकूंनी विचारलं. "वय झालंय म्हणता ना?"

"नको. सवय झालीय तिची."

"लिंबंसुद्धा दुसरीकडून आणून बघू?"

"हीच बरी आहेत," काका म्हणाले आणि शीळ घालायला लागले.

ठोक्या त्यांच्या आधी येऊन आपल्या दुकानाच्या पायरीवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट तसाच, हातात मात्र सवयीनं हातोडी आली होती. दोघांना पाहून त्यानं घसा साफ केला. मग दोघांपैकी कुणाकडेही न बघता, समोरच्या भिंतीला विचारल्यासारखं विचारलं,

"सहावी कापून ठेवू का?"

काकांची शीळ अडली. काकूंनी पदर सावरला.

"कुणाला विचारतोय गं तो?" काका म्हणाले.

"मला काय ठाऊक? तुम्हालाच असेल."

"छे. माझं काय काम पत्र्याशी?"

दोघं जरा घाईनंच पुढे निघाले, आणि चार दुकानं ओलांडेपर्यंत कुणीही एकमेकांकडे पाहिलं नाही.